न फोडलेला रवा

शाहूपुरीतल्या गूळ अडत्यांमध्ये भरमाप्पांचा शब्द तीन प्रकारचा होता, आणि तिन्ही प्रकार बाजाराला पाठ होते. "बघा तुमचं तुम्ही" म्हणाले, की तो माल उचलणारा खुळा. "बरा हाय" म्हणाले, की घरात खायला चालेल, पावण्यापुढं ठेवायला न्हाई. आणि उजव्या हाताचा तळवा रव्यावर टेकवून नुसतं "घ्या" म्हणाले, की जयसिंगपूरचा दुकानदार असो की गुजरातचा व्यापारी, रवा न फोडता गाडीत चढवायचा.

रवा म्हणजे गुळाची ढेप. कापडाचे वळ उमटलेली, तीस किलोंची, वरनं पिवळीधमक. पण वरच्या रंगावर जाणारा माणूस गुळाच्या धंद्यात फार दिवस टिकत नाही. रंग यावा म्हणून गुऱ्हाळात पावडर मारलेली असते, कधी साखर ढकललेली असते, आणि सुरी घालून पोट उघडल्याशिवाय आतलं काही कळत नाही. भरमाप्पांना न उघडताच कळायचं. तीस वर्षांत त्यांच्या "घ्या"नं एकालाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

माणसांचीही ते अशीच प्रत लावायचे. त्यांचे दोस्त बाळासो, दूध संघातनं निवृत्त झालेले, ते मनानं एक नंबर, बोलण्यात दोन आणि वेळ पाळण्यात प्रत लावण्याच्या पलीकडचे. बायकोची, अक्काताईंची, प्रत मात्र त्यांनी कधी जाहीर केली नाही. तिकडनं उलट प्रतवारी झाली तर ऐकायची तयारी नव्हती. आणि एकुलती मुलगी शांभवी? तिच्या बाबतीत त्यांचा निकाल ती पाळण्यात होती तेव्हाच लागला होता.

ही शांभवी २००५ सालच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी दिवाणावर तीन कागद मांडून बसली.

"अप्पा, हे तीन रवे. एक उचलायचाय. प्रत तुम्ही लावा."

"इंग्रजीतनं हाय हे सगळं. मी काय प्रत लावू, कपाळ?"

"मी वाचून सांगते की. लहानपणी दुकानात बसवून मला गूळ वाचायला तुम्हीच शिकवलात न्हवं?"

शांभवी इंग्रजी घेऊन एम. ए. झाली होती आणि दोन वर्षं एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासात शिकवत होती. पोरं तिच्यावर खूश होती. तीही स्वतःवर खूश होती. मग दिवाळीनंतर मिसेस हान आल्या. कागलच्या एमआयडीसीत एका गिरणीची यंत्रं बसवायला कोरियाहून इंजिनिअर आला होता, त्याची ही बायको. तिला इंग्रजी शिकायचं होतं, म्हणून आठवड्यातनं तीनदा ती घरी यायची. पहिल्याच दिवशी शांभवी खडू घेऊन उभी राहिली आणि तिथंच थिजली. आजवर ती इंग्रजी शिकवत होती ती मराठीतनं. 'मी जाते' म्हणजे हे, 'मी गेले' म्हणजे ते. या बाईला मराठी येत नव्हतं, शांभवीला कोरियन येत नव्हतं, आणि दोघींच्या मध्ये एम. ए.ची पदवी नुसती बसून होती, लग्नात नवऱ्याकडची आत्या बसते तशी.

गंमत अशी, की त्याच बाई स्वैपाकघरात अक्काताईंजवळ पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या की चार शब्द शिकून बाहेर यायच्या. अक्काताई कोथिंबिरीची जुडी पुढं करायच्या, "कोथिंबीर" म्हणायच्या, आणि बाई तसं म्हणेपर्यंत जुडी सोडायच्या नाहीत. सोपं होतं. अक्काताई संकेश्वराकडनं सून होऊन आल्या तेव्हा त्यांना कन्नडशिवाय एक अक्षर येत नव्हतं, आणि शेजारच्या तानाबाईनं त्यांना मराठी असंच शिकवलं होतं. तोंडानं "बादली" म्हणेपर्यंत बादली मिळायची नाही. "पैल्या आठवड्यात आंघोळीचे वांधे झालते," असं अक्काताई अजून सांगायच्या.

आईला जमतं आणि आपल्याला जमत नाही, हे शांभवीला लागलं. परक्या माणसाला इंग्रजी शिकवायचं हे वेगळंच काम आहे, त्याचं शिक्षण असतं, असं तिनं सायबर कॅफेत बसून शोधून काढलं. मिसेस हान मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, माझी मैत्रीण व्हिएतनाममध्ये अशा शाळेत शिकवते, तू शीक, मी तिला लिहीन. त्या दिवशी भरमाप्पांनी शांभवीचा शाळेतला जुना नकाशा काढून व्हिएतनाम शोधलं. कोल्हापूरपासून एका अंगठ्याचं अंतर. फक्त अंगठा भरमाप्पांचा होता, रवे उचलून उचलून रुंदावलेला.

"वाच," ते म्हणाले. अक्काताईंनी चहा आणून दिला.

पहिला कागद सगळ्यांत देखणा. शाहूपुरीतच, बाळासोंच्या पोराची, राजवर्धनची, अकॅडमी. चार रंगांत छपाई, कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा. दोन दिवस, शनिवार-रविवार, जेवणासह. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, कोट घालून फोटो.

"कोट कुणाचा?"

"त्यांच्याकडंच असतोय. सगळ्यांना एकच."

दुसरा कागद कॉम्प्युटरवरचा. घरबसल्या, हव्या त्या वेळी, प्रश्नांवर टिकमार्क करायचे, शेवटी सर्टिफिकेट आपलं आपण छापून घ्यायचं.

"म्हणजे गुऱ्हाळ न्हाई, काहील न्हाई, गुळव्या न्हाई, नुसता गूळ," भरमाप्पा म्हणाले. "फुडं."

तिसरा बेंगळूरचा. काळ्या शाईतला, बारीक अक्षराचा, चित्र एकही नाही. चार आठवडे, रोज सकाळ ते संध्याकाळ. त्यातले सहा तास खऱ्याखुऱ्या शिकणाऱ्या माणसांपुढं उभं राहून शिकवायचं, आणि मागं एक जाणकार बसून नुसतं बघणार, लिहिणार, आणि तास संपल्यावर तोंडावर सांगणार. प्रवेशाच्या आधीच लेखी काम आणि फोनवर मुलाखत. अर्ज आठवड्याच्या आत पोचायला हवा.

भरमाप्पांना कागद हातात घ्यायचीही गरज पडली नाही. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, कसा तयार होतो हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. पोरगा काहिलीपुढं उभा राहतो, रस उकळतो, आणि मागं जुना गुळव्या कमरेवर हात ठेवून गप्प उभा असतो. पाक बिघडला की बोलतो, तोवर नाही. या तीन कागदांत तसा म्हातारा मागं उभा होता तो फक्त तिसऱ्यात. माल तोच होता.

पण त्याच क्षणाला त्यांना पुढचंही दिसलं. चार आठवडे बेंगळूर. मग मिसेस हानचं पत्र. मग अंगठाभर अंतर. आणि हा दिवाण, ही संध्याकाळ, आणि दोन माणसं. शाहूपुरीतलं सर्टिफिकेट घेतलं तर ते भिंतीवर लागेल, पोरीची हौस फिटेल, आणि त्या कागदावर तिला गडहिंग्लजच्या पलीकडं कुणी बोलावणार नाही.

चहाची बशी त्यांनी दोन्ही हातांनी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि बशीवरनंच म्हणाले,

"शाहूपुरीतला घे."

शांभवीनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि तिन्ही कागद गोळा करून आत गेली. स्वैपाकघरात दोडका चिरायचा आवाज मघाशी थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमाप्पांच्या हाताची सवय बिघडली. सौद्यात जयसिंगपूरचे जुने गिऱ्हाईक महांतेश उभे होते. रवा चांगला होता, सोन्यासारखा. भरमाप्पांनी तळवा टेकवला आणि "घ्या" म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते भलतंच.

"फोडून बघा."

महांतेश हसले. "काय चेष्टा करताय अप्पा. तुम्ही हात ठेवल्यावर आमी कवा फोडलाय?"

"मी म्हणतोय न्हवं, फोडा."

रवा फोडला. आत तोच रंग, तीच कणी. महांतेशांनी खडा तोंडात टाकला आणि काळजीनं विचारलं, "अप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?"

तब्येत बरी असती तर दुपारी दुकानात वर्षाराणी आली तेव्हा ते तिला चहापाणी विचारून मोकळे झाले असते. वर्षाराणी ही शांभवीची कॉलेजातली मैत्रीण. चप्पल काढून ती गादीच्या कडेला टेकली.

"काका, पाया पडायला आले. तुम्ही शाहूपुरीतल्या कोर्सला 'घे' म्हणालात म्हणे. मीपण तोच करणार. आमच्या बाबांना कुणाचंच पटत न्हाई, पण तुमचं नाव सांगितलं आणि लगेच हो म्हणाले."

भरमाप्पांनी पानाचा डबा उघडला, मिटला.

"अजून दोघी हैत," वर्षाराणी म्हणाली. "त्यांच्याही घरी तुमचंच नाव सांगितलंय."

ती गेल्यावर भरमाप्पांनी समोरच्या रव्यांकडं पाहिलं. घरातल्या घरात सांगितलेला एक शब्द. तो आता वर्षाराणीच्या घरापर्यंत गेला होता आणि अजून दोन घरांत शिरला होता. तीस वर्षं ज्या शब्दावर माणसं सुरी बाजूला ठेवत आली, त्याच शब्दात त्यांनी स्वतः पावडर मारली होती. तीही पोटच्या पोरीला सांगताना.

त्यांनी टोपी घातली आणि राजवर्धनची अकॅडमी गाठली. तिसरा मजला, काचेचं दार, आत गारवा. राजवर्धन तिशीचा, हसरा, केसांना जेल. त्यानं उठून खुर्ची ओढली.

"काका! बाबांनी पाठवलं का?"

"तुझा बाबा स्वतःला कुठं वेळेवर पाठवत न्हाई, मला काय पाठवतोय. मी शिकायला आलोय. मला इंग्रजी येत न्हाई. धा मिनिटं शिकव."

"शिकवू की! बघा काका, क्रियापदाची तीन रूपं असतात—"

"मराठी न्हाय बोलायचं. मी कोरियातनं आलोय असं समज."

राजवर्धननं फळ्यावर काहीतरी लिहिलं. मग पुसलं. मग इंग्रजीत एक लांब वाक्य बोलला, गोड आवाजात. भरमाप्पांनी मान डोलावली. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं. भरमाप्पांनी पुन्हा मान डोलावली. एसी घुरघुरत होता आणि राजवर्धनच्या कपाळावर घाम आला होता.

"कळलं काय काका?"

"मराठी बोललास. हरलास," भरमाप्पा म्हणाले, पण मायेनं म्हणाले. "तुझ्या दोन दिवसांत पोरी शिकवतात कुणाला?"

"एकमेकींना."

"ज्यांना आधीच येतंय त्यांना. आणि मागं बसून बघतंय कोण?"

"मी."

"आणि तुला कोण बघितलं?"

राजवर्धन खुर्चीवर बसला. हातातला पेन टेबलावर ठेवला. "कुणी न्हाई काका," तो म्हणाला. "मी कॉम्प्युटरवरच केलं. टिकमार्क. खरं सांगू काय, मलाबी वाटायचं, कुणीतरी मागं बसून सांगावं, हे चुकतंय म्हणून. पण मग हॉल घेतला, बोर्ड लावला, आणि विचारायला कुणाला जायचं तेच राहिलं."

भरमाप्पांनी मनातल्या मनात त्याची प्रत लावली. रंग जास्त, पण आत कणी होती. पोरगं वाया गेलेलं नव्हतं, कच्च्या पाकात उतरवलेलं होतं.

"कोट तेवढा काढून टाक," जाता जाता ते म्हणाले. "एक कोट इतक्या पोरींनी घातला तर धुवायचा कवा?"

खाली उतरून ते एसटीडी बूथमध्ये शिरले. बेंगळूरच्या कागदावरचा नंबर त्यांनी सकाळीच घरातनं उतरवून आणला होता, का ते स्वतःलाही न सांगता. फोनवर एक बाई इंग्रजीत बोलली. भरमाप्पांनी सरळ कन्नड सुरू केलं, तशी बाईही विरघळली. कुठलं गाव, मुलगी काय शिकली, राहायची सोय होईल, सगळं सांगून झालं.

"एकच विचारतो, अव्वा," भरमाप्पा म्हणाले. "तुमच्याकडं कुणी नापास होतंय काय?"

बाई जरा घुटमळली. आईबापांना हे सांगावं की नाही, असा विचार तिनं केला असावा. "होतात," ती म्हणाली. "दर वेळी एखाद-दुसरा होतो. मागं बसणारे फार कडक आहेत."

"चांगलं झालं," भरमाप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. बाई बिचारी बुचकळ्यात पडली असणार. पण ज्या बाजारात माल परत जातो त्याच बाजारात माल घ्यावा, हे तिला कन्नडमधूनही समजावणं अवघड होतं.

संध्याकाळी ते दिवाणावर बसले. अक्काताई चहा घेऊन आल्या, तर त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला.

"शांभू, ये भायेर."

शांभवी आली.

"काल मी माल खोटा सांगितला," ते म्हणाले. "शाहूपुरीतला 'बघा तुमचं तुम्ही' हाय. कॉम्प्युटरवरचा त्याच्याबी खालचा. बेंगळूरचा एक नंबर."

"मग काल 'घे' का म्हणालात?"

भरमाप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार आठवड्यांनी तू येशील. पण यायची ती बॅग बदलायला. ते मला कालच दिसलं. आणि दिसलं ते आवडलं न्हाई."

अक्काताई तिथंच उंबऱ्याला टेकल्या.

"वर्षाराणीला फोन कर," भरमाप्पा पुढं म्हणाले. "तिला म्हणावं, काका चुकले. आणि त्या दुसऱ्या दोघींच्या घरी मी सोता जाऊन येतो. नाव माझं सांगितलंय."

"त्या दोघी न्हाईतच अप्पा," शांभवी म्हणाली.

"न्हाईत म्हणजे?"

"वर्षाराणीलाबी कोर्स करायचा न्हाई. तिचं बी. एड.चं पत्र येऊन आठवडा झाला. तिला मीच पाठवली होती."

ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. बेंगळूरचा अर्ज. संपूर्ण भरलेला, सही केलेला, पाकिटावर पत्ता लिहिलेला. फक्त तोंड उघडं.

"काल तुमचे दोन्ही हात बशीला होते," ती म्हणाली. "हात न ठेवता तुम्ही 'घ्या' म्हणालेलं मी जन्मात बघितलं न्हाई."

भरमाप्पांनी आपल्याच तळव्याकडं पाहिलं. तीस वर्षांत बाजारातल्या एकाही माणसानं त्यांना असं पकडलं नव्हतं.

"तुला सगळं कळत होतं तर अर्ज टाकायचास की सरळ पेटीत! मला कशाला नाचवलंस?"

शांभवीनं पाकिटाची कड बोटानं दाबली. "टाकला असता. पण मग तिथं पोचल्यावर रोज वाटलं असतं, अप्पांनी हात न ठेवता पाठवलं."

अक्काताईंनी पदरानं नाक पुसलं आणि लगेच आवाज चढवला, कारण रडणं त्यांना परवडत नसे. "म्हणजे पोरीनं बापाचा रवा फोडला म्हणायचा! मग काय निघालं गं आत?"

शांभवीनं बापाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानात ते रव्याकडं बघतात अगदी तसं. डोळा बारीक करून.

"बरा हाय," ती म्हणाली.

भरमाप्पा असे हसले, की टोपी मांडीवरनं खाली पडली. हसता हसता डोळे पुसले, ते कशामुळं ते कुणी विचारलं नाही. मग त्यांनी पाकीट ओढून दिवाणावर ठेवलं, त्याच्यावर उजवा तळवा टेकवला, आणि जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला.

"घे," ते म्हणाले.

फोनवरच्या मुलाखतीत शांभवी निभावली. मे महिन्यात ती बेंगळूरला गेली. अक्काताईंनी बरोबर शेंगदाण्याची चटणी दिली, भाकरी दिल्या आणि मागं बसणाऱ्या बाईंसाठी म्हणून छोटा रवा दिला. तो शांभवीनं गुपचूप घरीच ठेवला. परीक्षकाला गूळ नेणं बरं दिसत नाही, हे तिला बाजारात वाढल्यामुळं कळत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला.

"अप्पा, माझा पैला तास झाला." आवाज बारीक होता. "नापास केला त्यांनी."

"का?"

"मागच्या बाईंनी घड्याळ लावलं होतं. म्हणाल्या, चाळीस मिनिटांतली तेहतीस मिनिटं तूच बोललीस. शिकणारी माणसं बोलणार कवा?"

"घड्याळ लावून बघितलं?"

"व्हय. आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मी रडले."

"आणि फुडं?"

"फुडं काय. उद्या परत उभं राहायचं. मी आता आपल्या आईसारखं करणार हाय. वस्तू हातात धरायची आणि गप्प बसायचं."

भरमाप्पांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की समोर बसलेल्या बाळासोंना वाटलं पोरीला पहिला नंबर मिळाला. भरमाप्पा उठले. दुकानातला सगळ्यांत उजवा रवा त्यांनी निवडला, स्वतःच्या हातानं फोडला आणि परातीत खडे भरून आजूबाजूच्या दुकानांत वाटायला निघाले.

"काय झालं वो अप्पा? गोड कशाबद्दल?"

"शांभू नापास झाली."

"डोस्कं फिरलंय काय ह्याचं!" बाळासो मागनं ओरडत आले. "अरे नापास झाल्याचा गूळ वाटतोस व्हय?"

"तुला न्हाई कळायचं. घड्याळ लावून बघत्यात तिथं. खोटं चालत न्हाई." भरमाप्पांनी एक मोठा खडा बाळासोंच्या तळहातावर ठेवला, मग विचार करून दुसराही ठेवला. "हा राजवर्धनला दे. आणि म्हणावं, बेंगळूरचा नंबर माझ्याकडं हाय. पुढच्या टोळीला जायचं असंल तर येऊन घेऊन जा. कोट न घालता ये म्हणावं."

परात रिकामी करून ते गादीवर येऊन बसले. घरनं आणून ठेवलेला नकाशा ड्रॉवरमधनं काढला. कोल्हापूरवर बोट ठेवून अंगठा व्हिएतनामपर्यंत पोचवला, मग उचलला, आणि नकाशा घडी न घालता तसाच उघडा गल्ल्याशेजारी ठेवला.